प्रति: हाडांची ठिसूळता आणि इंजेक्शन
वर एका ताईंनी लिहिलंय की आईचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या तपासणीतला आकडा) सुधारला, म्हणून दर सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं (हाडांची झीज रोखणारं औषध) इंजेक्शन आता बंद करणार. कृपया परस्पर बंद करू नका. डोस लांबला की हाडांची झीज एकदम उसळते आणि काहींच्या मणक्यांत एकामागून एक फ्रॅक्चर होतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर सहसा पुढे झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा ॲलेंड्रोनेट यांपैकी झीज रोखणारं दुसरं औषध देतात. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही (आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड!).

चालणं चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही. झेपेल इतकं वजन उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, तोल सांभाळण्याचा सराव हवा. मणके ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं टाळा.

वर कॅल्शियमसाठी नाचणीचं कौतुक झालंय, ते बरोबरच आहे. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण एका भाकरीला काही १०० ग्रॅम पीठ लागत नाही. दूध, दही, तीळ सोबत हवेतच. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. त्याची ६०,००० युनिटची पुडी न तपासता, मनानेच वर्षानुवर्षं घेणारेही पाहिलेत; तसं नको.