घड्याळ चुकलं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

एकाने विचारलंय, कॅन्सरच्या केमोआधी ७४ वर्षांच्या वडिलांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाचपैकी २ गुण आले, म्हणजे स्मृतिभ्रंश का? नाही. ही मिनी-कॉग नावाची स्मरणशक्तीची छोटी चाचणी, नुसती चाळणी. तीन शब्द सांगतात, घड्याळात ११ वाजून १० मिनिटं दाखवायला लावतात, मग तेच शब्द विचारतात. शब्दाला एकेक गुण. घड्याळाला २ नाहीतर ०, अधलंमधलं काही नाही. हमखास चूक म्हणजे मिनिटकाटा २ ऐवजी १० वर जातो. काट्यांची लांबी धरत नाहीत. ३ च्या खाली आलं तर पुढची तपासणी, एवढंच.

पण चाचणी कधी घेतली तेही बघा. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी नाशिकला आलेला मधुमेही माणूस, त्यात कानाचं मशीन घरी राहिलेलं! केमोआधीचं अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं, गुंगी आणणारं इंजेक्शन) टोचल्यावर तर चाचणी घेऊच नये. न शिकलेल्यांवर घड्याळाचा कागद अन्यायच करतो. रक्तातलं बी-१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम बघून घ्या, ते बिघडलं तरी डोकं गोंधळतं. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

खरी काळजी गोळ्यांची. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी बहुधा १४ दिवस रोज दोनदा, मग ७ दिवस सुट्टी. विसरणारा माणूस सुट्टीतही घेत राहतो, मग जुलाब, तोंड येणं, पांढऱ्या पेशी खाली. पाकीट घरातल्या एकाच्याच ताब्यात ठेवा आणि डोस दिला की लगेच कॅलेंडरवर खूण करा.

आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, मध्येच शुद्धीवर, मध्येच गुंगीत, तर चाचणीबिचणी सोडा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.