मदत हवी आहे : लेकीला चार्टर शाळेत घालावं का?
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत जर्सी सिटीत राहतो, लेक पाचवीत आहे. सहज म्हणून एका चार्टर शाळेच्या लॉटरीत नाव टाकलं होतं, तर सहावीसाठी चक्क नंबर लागला! शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय.

शाळेचा भर विज्ञान-गणितावर. मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. पुण्याला सासूबाईंना सांगितलं, तर पहिला प्रश्न, "म्हणजे अल्पसंख्याक कोटा का गं?" तसं नाही. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कारभारात मोकळीक असलेली शाळा. फी नाही, अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या. इथल्या मिनेसोटा राज्यात 1991 साली याचा पहिला कायदा झाला.

शाळा बघायला गेलो तेव्हा दोन मुली दोऱ्याला वायसर बांधून झोके मोजत होत्या. दोरा अर्धा केला तरी वेळ अर्धा का होत नाही, यावरून दोघींची चांगलीच जुंपली होती. आमची लेक तिथून हलेना. मीही तिथेच पाघळले, खरं सांगते.

पण विज्ञानाचे शिक्षक वर्षात दोनदा बदलले, असं एका आईने हळूच सांगितलं. तेव्हापासून धाकधूक आहे.

ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्यांनी प्लीज सांगा : आठवीत अल्जिब्रा सगळ्यांना शिकवतात की निवडक मुलांनाच? नववीत नेहमीच्या हायस्कूलला गेल्यावर तो धरतात का, की पुन्हा परीक्षा? आणि धाकट्याला भावंड म्हणून खरंच आधी जागा मिळते का? घाईत आहे, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.