प्रार्थनाघराचं दार पूर्वेला की पश्चिमेला? आणि आत पडदा लावावा का?

धुऱ्यावरचा_मास्तर (दर्यापूर तालुका)
जय ख्रिस्त मंडळी. टिनाचं शेड काढून आमचं पक्कं प्रार्थनाघर बांधणं सुरू आहे. प्लिंथ झाली अन् काम दाराच्या चौकटीवर अडलं. मिस्त्री म्हणतो, वास्तूप्रमाणे दार पूर्वेलाच. कमिटीतले एक वडील म्हणतात, मोशेच्या निवासमंडपाचं, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूचं, दारही पूर्वेलाच होतं, म्हणजे देवालाही तेच हवंय. त्यांना वेदीपुढं जाड पडदाही पाहिजे. दुसरे म्हणतात, जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, तेव्हा दार पश्चिमेला करा. पूर्वेचं दार थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात उघडेल, हे मात्र कोणी बोलत नाही! संडेस्कूल मी घेतो म्हणून सगळे मलाच विचारतात.

निवृत्त_पाळक (अचलपूर)
मास्तर, मंडपाचं दार पूर्वेला होतं हे खरं. पण त्याचा शुभ-अशुभाशी संबंध नाही. आदाम-हव्वेला एदेन बागेतून घालवलं तेव्हा पूर्वेच्या बाजूला करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय रक्षक, पहाऱ्याला ठेवले. मंडपात शिरणारा माणूस पश्चिमेकडे चालतो, म्हणजे ज्या वाटेनं बाहेर पडलो त्याच वाटेनं परत. आणि परमपवित्रस्थानासमोरच्या, म्हणजे मंडपाच्या सगळ्यात आतल्या खोलीपुढच्या, अंतरपटावर पुन्हा तेच करूब विणलेले. आत शिरणाऱ्याची उगवत्या सूर्याकडे पाठ असते. बायबलात यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, मंदिराकडे पाठ करून सूर्याला दंडवत घालणारे लोक दिसतात, त्याला तिथं सरळ अमंगळ म्हटलंय. मिस्त्रीला हे वाचून दाखवा.

पुढं ख्रिस्ती लोक प्रभूच्या येण्याची वाट पाहत पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करू लागले, म्हणून जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला. दोन्हींना आपापला अर्थ आहे. तुम्ही रस्ता जिकडे आहे तिकडे दार करा.

पडद्याबद्दल मात्र मी ठाम आहे. त्या पडद्याआड महायाजक वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन जायचा. येशूनं प्राण सोडला तेव्हा मंदिरातला तसाच पडदा वरून खालपर्यंत फाटला. तो आपण शिवून पुन्हा टांगायचा का?

बाभूळबन
मी सुतार आहो जी. मंडपातला कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी), मेज, फळ्या, दांडे सारं बाभळीचं होतं, हे वाचून मले लय बरं वाटते. देवदार तं मागून शलमोन राजानं मंदिरासाठी आणला, तोही लबानोनातून. मोशेनं रानात उभं होतं तेच झाड घेतलं अन् वरून सोनं मढवलं. आपल्याकडे बाभूळ घरात कोण घेते? बंडीच्या चाकाले, वखराले चालते. पण लाकूड असं कठीण का रंद्याची धार जाते. अन् कोशाच्या कड्यांतले दांडे कधी काढाचेच नाही, असा हुकूम होता. म्हंजे केव्हाही उचलून निघाची तयारी. दिशेचा वाद तिथंच मिटला न जी.

धुऱ्यावरचा_मास्तर
दोघांचेही आभार. आणखी एक गुंता आहे. एका घरानं मोठी रक्कम दिली, त्यांना दारावर संगमरवरी पाटीत नाव पाहिजे. बाकीच्यांनी कापूस विकून जमेल तशी वर्गणी दिली.

निवृत्त_पाळक
मग बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा ३० वा आणि ३८ वा अध्याय एकत्र वाचा. मोशेच्या वेळच्या शिरगणतीत प्रत्येकाकडून अर्धा शेकेल (चांदीचं जुनं वजन) घेतला. श्रीमंतानं जास्त द्यायचा नाही, गरिबानं कमी नाही. ६,०३,५५० पुरुषांच्या त्या चांदीतून १०० उथळ्या, म्हणजे फळ्या-खांबांखालच्या बैठका, ओतल्या, एकेक उथळी एक किक्कार, म्हणजे अंदाजे ३४ किलोची. ९६ उथळ्या भिंतींच्या ४८ फळ्यांखाली, उरलेल्या ४ अंतरपटाच्या खांबांखाली. सोनं, तांबं, कापड ज्यानं-त्यानं मनानं दिलं. पण सोन्यानं मढवलेल्या भिंती उभ्या होत्या त्या सगळ्यांच्या सारख्या वर्गणीवर. त्या चांदीवर कोणाचं नाव कोरल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

धुऱ्यावरचा_मास्तर
दार उत्तरेला, रस्त्याच्या बाजूनं करायचं जवळपास ठरलं. पडद्याचे वडील थोडे रुसलेत, पण समजतील. पाटीचं रविवारी उपासनेनंतर बोलतो. खरं भांडण तिथंच होणार आहे.