शब्दचर्चा: व्यसन, तलफ, अंमल आणि उतारा

आशाताई, दारव्हा तालुका:
30 वर्षांवरच्या माणसांचा आरोग्याचा फॉर्म भरताना तंबाखू-दारूचं विचारावं लागतं. मी विचारते, "काका, काही व्यसन हाय का?" उत्तर ठरलेलं: "नाही वं बाई, निरा खर्रा खातो." हे सांगतानाही पन्नीतला खर्रा घोटणं चालूच असतं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं एकजीव होईस्तोवर. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी व्यसनी म्हणजे नालीत पडलेला माणूस. मग मी प्रश्न बदलला, "सकाऊन उठल्यावर पयले काय लागते?" आता भडाभडा सांगतात. एका काकांनी तोंड उघडून दाखवलं, खर्ऱ्यानं इतकं आखडलेलं की दोन बोटंही आत जाईनात.

उपकेंद्राच्या भिंतीवर मजकूर लिहायचा आहे. 'व्यसन' लिहू की नको? आमच्याकडे 'नाद' म्हणतात, पण नाद तर शंकरपटाचाही, म्हणजे बैलांच्या शर्यतीचाही असतो.

निवृत्त शिक्षक, वरोरा:
ताई, 'नाद' नकोच. नादाला लागला तो नाद सोडूही शकतो, असा त्या शब्दाचा भाव. "नाद सोड ना बे" म्हणून दारू सुटली असती तर काय हवं होतं!

'व्यसन' संस्कृतातला. वि आणि अस् म्हणजे फेकणे, त्यावरून आलेला. जुना अर्थ संकट, विपत्ती. मनुस्मृतीत राजाची 18 व्यसनं सांगितली आहेत, कामातून आलेली 10 आणि क्रोधातून आलेली 8. त्यात मद्यपान आहे तसं शिकार, द्यूत, दिवसाची झोप, गाणं-बजावणंही आहे. म्हणजे हा शब्द पदार्थाचा नव्हताच, वागणुकीच्या दोषाचा होता. तो डाग अजून गेलेला नाही. 'व्यसनी' म्हटलं की माणसाला आपलं शील काढल्यासारखं वाटतं, आणि तो "नाही" म्हणतो.

मला स्वतःला 'अंमल' फार नेमका वाटतो. अरबीतून आला. पेशव्यांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी आणि भांगेचा अंमल, शब्द एकच. त्याच्यावरूनच 'अमली पदार्थ'. आपल्या देहावर राज्य दुसऱ्याचं सुरू झालं, एवढंच तो सांगतो. माणूस चांगला की वाईट, याचा निवाडा करत नाही.

अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याच्या मराठी नावात 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' असं आहे. 'गुंगीकारक' सगळ्यांना लागू होत नाही, कारण कोकेन गुंगी आणत नाही, उलट चेतवतं. दुसरा भाग अचूक आहे, पण पारावर बसून तो कोण उच्चारणार? शिवाय त्या अर्थानं आपला चहासुद्धा मनोव्यापारांवर परिणाम करतोच.

आशाताई:
गुरुजी, अंमल चढतो तसा उतरतोही. 'उतारा' या शब्दानं मात्र आमच्या गावात घात होता होता राहिला. एका भावानं श्रावण पाळायचा म्हणून आखाडीनंतर दारू एकदम बंद केली. रोज पिणारा माणूस. तिसऱ्या रात्री अंगावर किडे चालतात म्हणून चादर झटकत होता, वारलेल्या बापाशी बोलत होता. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. लिंबू-नारळाचा उतारा टाकला. मित्र म्हणाला, "याले दुसरा उतारा पाह्यजे," आणि शिशी घेऊन आला. मी गाडी करून दवाखान्यात नेलं. वाचला.

व्यसनमुक्ती समुपदेशक, अमरावती:
ताई, तुम्ही नेलं म्हणून वाचला. दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू रोज उलटा जोर लावायला शिकतो. दारू अचानक गेली की तो जोर मोकाट सुटतो. आधी थरथर, घाम, कोणाला झटके, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास. यात जीव जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, हे भिंतीवर ठळक लिहा. सकाळी उतारा लागतो का, हा प्रश्न तर आम्हीही पहिल्या भेटीत विचारतो.

शब्दांचं म्हणाल तर डॉक्टरांनीही ते बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं 1964 मध्ये 'अवलंबित्व' या अर्थाचा शब्द पुढे आणला, म्हणजे पदार्थावाचून राहता न येणं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जमुळे झालेली मनाची अवस्था मनोविकाराच्या व्याख्येत घेतली. गावात मात्र अजून "टेन्शन हाय म्हणून घेतो" आणि "घेतो म्हणून टेन्शन हाय" यांचा गुंता आहे, आणि दोन्ही खरं असतं. दारूनं झोप लवकर येते, पण मध्यरात्रीनंतर मोडते, आणि पहाटे मन आणखी खचतं. गांजाचं वेगळं, कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या पोरांत भ्रम, संशय असे आजार होण्याचा धोका वाढतो.

भिंतीसाठी माझं मत 'तलफ'. हा शब्द सगळ्यांना येतो आणि कोणाची लाज काढत नाही. "तलफ आवरत नाही? बोलायला या." आणि खाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर.

आशाताई:
सर, तलफ पक्कं. अजून एक अडलं आहे. आमच्या एका ताईला नैराश्यासाठी गोळी दिली होती. तिनं दहा दिवसांत बंद केली. म्हणे, "गोळीची सवय लागते, मग मी आणि माहा नवरा सारखेच." तिला काय सांगू?

समुपदेशक:
इथे 'सवय लागणे' हा शब्दच आडवा येतो. झोपेच्या काही गोळ्यांची सवय खरंच लागते, त्या डॉक्टर मोजून देतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. एकदम थांबवली तर चक्कर येऊ शकते, म्हणून ती हळूहळू कमी करतात. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, आणि ताईनं त्याआधीच सोडली. तिला म्हणा, गोळी लागत नाही, लागू पडते.

आशाताई:
लागू पडते. हे समजेल तिला. शेतातून परत आली की संध्याकाळी जाते, गोळीचं पाकीट अजून फडताळात आहे म्हणाली होती.