मदत हवी आहे : कागदी विमानाचा पंख सपाट, मग उचल कशी समजवावी?

नमस्कार. सुट्टीत आमच्या सोसायटीतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदी विमानांच्या आधारे उड्डाणाचे विज्ञान शिकवायचे आहे. घड्या घालण्यात मुले माझ्यापेक्षा तरबेज आहेत. अडचण आहे ती विमान हवेत का तरंगते, म्हणजे त्याला वर धरणारे बल (उचल) कोठून येते, हे सांगण्याची.

बहुतेक ठिकाणी असे वाचायला मिळते की, पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोहोचण्यासाठी ती वेगाने धावते आणि त्यामुळे वरचा दाब कमी होतो. प्रवाहाचा वेग वाढला की त्यातील दाब कमी होतो, या बर्नुलीच्या तत्त्वाविषयी माझी तक्रार नाही. परंतु दोन्ही प्रवाहांनी एकाच वेळी पोहोचावे असा कोणताही नियम नाही, उलट वरची हवा आधीच पोहोचलेली असते. शिवाय कागदी विमानाला फुगीर पंख आहेच कुठे?

म्हणून पंख हवेला किंचित तिरका भिडतो, हवा खाली वळवतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा त्याला वर ढकलते, असे सांगण्याचा विचार आहे. यात धोका एवढाच की, खालून आपटणारी हवाच सारे काम करते, असा मुलांचा समज होईल. वास्तविक पंखावरून जाणारी हवाही खाली वळते आणि उचलीत तिचा वाटा मोठा असतो. हे डोळ्यांना दिसेल असा घरगुती प्रयोग कोणी केला आहे का? टेबलफॅनसमोर उदबत्ती धरल्यास झोतातील भोवऱ्यांमुळे धूर लगेच विस्कटतो. ओठांशी कागदाची पट्टी धरून वरून फुंकर घालण्याचा प्रसिद्ध प्रयोग कृपया सुचवू नये : तीच पट्टी उभी लोंबती धरून एका बाजूने फुंकल्यास ती फारशी हलत नाही, म्हणजे तेथे खरे काम पट्टीच्या बाकाचे असते.

दुसरा प्रश्न तोलाचा आहे. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा) ए-४ कागद सुमारे 5 ग्रॅमच भरतो, त्यामुळे नाकाला एक यू-पिन लावली तरी गुरुत्वमध्य चांगलाच पुढे सरकतो. नाक वर करून थबकणारे आणि मग खाली झेपावणारे विमान त्यामुळे सरळ जाऊ लागते. नाक फार जड होऊन ते जमिनीकडे सूर मारू लागले, तर पंखांच्या मागच्या कडा जराशा वर वळवून तोल पुन्हा साधता येतो. हे मुलांनी मोजून पाहावे, सोडण्याची उंची आणि कापलेले अंतर यांचे गुणोत्तर स्वतः काढावे, अशी इच्छा आहे. मात्र प्रत्येकाच्या हाताचा जोर वेगळा असल्याने फरक पिनेचा की फेकीचा, हे कळणार नाही. मोजपट्टीवर रबरबँड बसवून तो दरवेळी सारखाच ताणला तर चालेल का? तसे केल्यास विमानाच्या पोटाशी खाच कोठे पाडावी, आणि सुटताना नाक वर उचलले जाऊ नये यासाठी काय करावे?

जागा म्हणून सोसायटीचे बंद सभागृह उपलब्ध आहे. बीजगणिताची सूत्रे न वापरता सांगता येईल असे काही सुचवल्यास अधिक बरे होईल.