परदेशातल्या कंत्राटदारांना दरमहा पैसे पाठवताय? बँकेच्या रेटवर भांडायचं की नाही?

उस्मानपुरा_सॉफ्ट
संभाजीनगरात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दोन टेस्टर व्हिएतनामचे, एक डिझायनर पोलंडचा. माझं मत स्पष्ट आहे: आपण स्विफ्टच्या (परदेशी पैसे पाठवायच्या बँक-जाळ्याच्या) फीवरून कुरकुर करतो, पण खरा पैसा डॉलरच्या रेटमध्ये जातो.

समजा महिन्याला ४,००० डॉलर जातात आणि बँक बाजारभावावर डॉलरमागे एक रुपया जास्त लावते. वर्षाला झाले ४८,००० रुपये, आणि पावतीवर ते 'चार्जेस' म्हणून कुठेच दिसत नाहीत. शाखेत सांगतात तो कार्ड रेट, म्हणजे बँकेचा सगळ्यांसाठी ठरलेला छापील दर. ट्रेझरीचा, म्हणजे बँकेच्या परकीय चलन विभागाचा, खास तुमच्या व्यवहारापुरता डील रेट मागा. त्या मिनिटाचा इंटरबँक (बँका आपसात घेतात-देतात तो) भाव मोबाइलवर उघडा ठेवा आणि वर किती पैसे लावले ते थेट विचारा. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं एफएक्स-रिटेल हे चलन खरेदी-विक्रीचं ऑनलाइन व्यासपीठही आहे. तिथे डॉलरचा भाव समोर दिसतो आणि बँकेला आपलं मार्जिन वेगळं सांगावं लागतं.

जालनेकर_स्टील
दादा, हिशोब बरोबर आहे, पण सल्ला पटला नाही. आमची सीसी लिमिट (धंद्याच्या कर्जाची मर्यादा) त्याच बँकेत, एलसी (मालाच्या पैशांची बँक-हमी) तिथेच. चार हजार डॉलरसाठी रोज मॅनेजरशी घासाघीस कामून करायची? तुमच्या रकमेला ट्रेझरी विचारत नाही. शाखेतल्या माणसाला एफएक्स-रिटेलचं नाव काढलं तर त्याला मुंबईला फोन लावावा लागतो. त्यापेक्षा तीन महिन्यांचे पैसे एकदम पाठवा. फी एकदाच लागेल आणि मोठ्या रकमेला रेटही बरा मिळेल.

उस्मानपुरा_सॉफ्ट
रोज कशाला? मार्जिन एकदा लेखी ठरवून घ्यायचं, मग दर महिन्याला फक्त ताडून बघायचं. आणि तीन महिने थांबायचं कुणी? हनोईतल्या पोरीला घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं. आपली फी वाचवायला तिचा पगार अडवणं मला मान्य नाही.

लातूर_सीए
एकत्र पाठवण्याबद्दल थोडं. चलन बदलण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नाही. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का, त्यापुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढंच मूल्य धरतात. साडेतीन लाख एकदम पाठवले तर जीएसटी ४०५ रुपये. तेच दर आठवड्याला चार हप्त्यांत पाठवले तर ६३०. फरक २२५ रुपयांचा. म्हणून आठवड्याऐवजी महिन्याला पाठवा, तिमाहीपर्यंत ताणू नका. आणि क्रेडिट कार्डाने देणाऱ्यांनो, तिथलं मार्कअप एकदा स्टेटमेंटमध्ये बघाच.

नांदेड_एक्सपोर्ट
मला दोघांचंही अर्धवट वाटतं. उस्मानपुरावाल्यांनो, तुमचे ग्राहक परदेशातही आहेत का? असतील तर ईईएफसी खातं उघडा, म्हणजे निर्यातीचे पैसे परकीय चलनातच ठेवायचं खातं. आमचा जर्मन ग्राहक युरोत पैसे देतो. ते आधी रुपयांत आणायचे आणि पोलंडच्या माणसासाठी पुन्हा युरो विकत घ्यायचे, म्हणजे दोन्हीकडून मार्जिन भरायचं. ईईएफसीत युरो तसेच ठेवले की ती दोन्ही मार्जिनं वाचतात. व्याज मिळत नाही आणि पैसे बेमुदत ठेवता येत नाहीत, पण दर महिन्याला देणी असतील तर अडचण येत नाही.

जालनेकर_स्टील
हे पटलं. पण ज्याला निर्यातच नाही त्याने काय करायचं? त्याने करार रुपयांत करावा. रेट वर जावो की खाली, आपल्याला घोर नाही.

उस्मानपुरा_सॉफ्ट
आमची निर्यात नाही, वाळूज-शेंद्र्यातलेच ग्राहक आहेत. तरी रुपयांत करार नको! रुपया घसरला की त्या बिचाऱ्याचा पगार आपोआप कापला जातो. ती जोखीम धंदा करणाऱ्याने घ्यायची, घरी बसून काम करणाऱ्याने नाही. फारच धास्ती असेल तर बँकेकडून फॉरवर्ड घ्या, म्हणजे पुढच्या तारखेचा रेट आजच ठरवून टाका.

लातूर_सीए
मी इथे उस्मानपुरावाल्यांच्या बाजूने. आणखी एक: फॉर्म भरताना परदेशातले चार्जेस कुणाकडे, हा रकाना असतो. 'शेअर्ड' निवडलं तर मधल्या बँका वाटेत डॉलर कापतात आणि माणसाच्या हातात बिलापेक्षा कमी पडतं. मग तो पुढच्या बिलात ते वाढवून लावतो. 'अवर' निवडा, म्हणजे सगळे चार्जेस आपल्याकडे.

जालनेकर_स्टील
'अवर'ला आमची बँक लई फी लावते ताई. रेटवर अजूनही माझं मत बदललेलं नाही, पण ह्या महिन्याच्या पावतीवरचा रेट त्या दिवशीच्या इंटरबँकशी ताडून बघतो. पन्नास पैशांच्या वर निघाला तर मॅनेजरकडे जाईन.