पनीरच्या निवळीचं इलेक्ट्रोडायलिसिस (ईडी): थर अ‍ॅनायन मेंब्रेनवरच का बसतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये पार अडकलोय, इलेक्ट्रोडायलिसिसवर (म्हणजे विजेच्या जोरावर मेंब्रेनमधून क्षार बाहेर ओढणं) कोणी काम केलं असेल तर प्लीज सांगा. पनीर काढल्यावर जी निवळी उरते तिच्यातले क्षार काढायचेत, म्हणजे उरलेलं लॅक्टोजचं पाणी पुढं खाद्यपदार्थांत वापरता येईल. आमच्या गावाकडं ही निवळी सरळ ओढ्यात जाते, हिचा बीओडी (ती कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला 30-40 हजार मिलिग्रॅम असतो, ओढ्याचं काय होतं ते लहानपणापासून बघतोय, त्यामुळे हे काम मला खरंच जमवायचंय.

तर प्रॉब्लेम असा की पहिली दोन रन मस्त जातात, तिसऱ्यापासून तेवढ्याच व्होल्टेजला करंट उतरायला लागतो. स्टॅक (मेंब्रेनची चळत) उघडला तर अ‍ॅनायन मेंब्रेनवर (ऋण आयन जाऊ देणारी) निवळीच्या बाजूला पिवळट बुळबुळीत थर, आणि कॅटायन मेंब्रेन (धन आयन जाऊ देणारी) तशी स्वच्छ, फक्त ब्राईनच्या (काढलेले क्षार जमतात त्या पाण्याच्या) बाजूला पांढरी भुकटी (ती अ‍ॅसिडने धुतली की जाते, म्हणजे कॅल्शियमच असणार). दोन प्रकारच्या अ‍ॅनायन मेंब्रेन वापरून बघितल्या, एक हेटेरोजिनियस म्हणजे रेझिनची पूड पॉलिइथिलीनमध्ये दाबून केलेली, दुसरी होमोजिनियस, म्हणजे सगळीकडे एकसारखी. पहिलीवर थर जास्त आणि निघतही नाही. आता सर विचारतात कारण काय, चार्ज की खरखरीतपणा की हायड्रोफोबिक (पाणी टाळणारा) पृष्ठभाग? काँटॅक्ट अँगल (पृष्ठभागावर थेंब किती पसरतो त्याचा कोन) दोन्हींचे घेतले पण रीडिंग दर वेळी वेगळं. हे तीन वेगळे कसे काढायचे?

प्रतिसाद
काँटॅक्ट अँगल मेंब्रेन वाळवून घेतलात का? तसं असेल तर ती रीडिंग सोडून द्या. वाळली की मेंब्रेन आक्रसते, पृष्ठभाग बदलतो, आणि हेटेरोजिनियसवर थेंब कधी रेझिनच्या कणावर पडतो कधी पॉलिइथिलीनवर. ओल्या मेंब्रेनला पाण्यात उलटी धरून खालून हवेचा बुडबुडा चिकटवून मोजा.

अ‍ॅनायनवरच का, तर तिच्यावर क्वाटर्नरी अमोनियमचे धन चार्ज आहेत. निवळीतल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन प्रोटीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य) साधारण 5.2, केसिनचा 4.6, त्याच्यावर पीएच असला की प्रोटीन ऋण, म्हणजे ओढलं जाणारच. आणि करंट लिमिटिंगच्या (मेंब्रेनपाशी आयन कमी पडायला लागतात त्या मर्यादेच्या) पुढं गेला की तिथं पाणी फुटतं, हायड्रॉक्सिल पलीकडे निघून जातात, प्रोटॉन निवळीच्या बाजूलाच राहतात, तिथला पीएच खाली येतो आणि प्रोटीन नेमकं मेंब्रेनच्या तोंडाशी साकळतं. हेटेरोजिनियसमध्ये करंट थोड्याच ठिकाणांहून जातो म्हणून हे तिथं लवकर होतं. म्हणून आधी लिमिटिंग करंट काढा, त्याच्या बरंच खाली चालवून बघा.

धागाकर्ता
वाळवूनच घेतले होते! लिमिटिंग करंट काढलाच नव्हता, उद्याच काढतो. वर पॉलिस्टायरीन सल्फोनेटचा पातळ थर दिला तर पृष्ठभाग ऋण होऊन प्रोटीन दूर राहील ना?

दुसरा प्रतिसाद
राहील, पण थर जाड झाला तर रेझिस्टन्स वाढतो, शिवाय फॉस्फेट, सायट्रेटसारखे मोठे, जास्त चार्जचे आयन अडतात आणि तुम्हाला तेच काढायचेत, त्यामुळे आधी त्यांचं माप घ्या. पृष्ठभागाचा चार्ज स्ट्रीमिंग पोटेन्शियलने (मेंब्रेनवरून पाणी वाहवलं की तयार होणारं व्होल्टेज) कळतो. तिन्ही कारणं वेगळी करायची तर एकच मेंब्रेन ठेवून पाणी बदला: एकदा नुसते क्षार, एकदा क्षार नि प्रोटीन, एकदा त्यात निवळीतली साय. पनीरच्या निवळीत बारीक फॅट राहतंच आणि त्याला चार्जपेक्षा हायड्रोफोबिक पृष्ठभाग आवडतो, तुमचा न निघणारा थर तोच असेल असं मला वाटतं, साय काढायचा सेपरेटर लावून बघा. आणि धुताना कॉस्टिक सोडा गार आणि पातळच वापरा, गरम कॉस्टिकने अमोनियमचे ग्रुपच तुटतात, मग करंट कमी झाला तो थरामुळे की मेंब्रेन गेली म्हणून, हे कधीच कळणार नाही.

धागाकर्ता
बापरे, मी कॉस्टिक 50 डिग्रीला वापरत होतो. नवीन मेंब्रेनचे तुकडे घेऊन पहिल्यापासून करतो, आकडे आले की इथेच टाकेन.